सूर्यफूल की करडई: कॉकटेलच्या वाटीत काय घालावं?

कॉकटेल (कॉकटिएल, तुरेवाला छोटा पाळीव पोपट) पाळणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला: सूर्यफुलाचं बी बंद करा, त्यानं चरबी चढते, करडई द्या, ती हलकी. यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे.

टरफल काढलेल्या सूर्यफुलाच्या 100 ग्रॅम गरात साधारण 51 ग्रॅम चरबी असते, करडईच्या गरात 38. फरक आहे, पण राळा या बारीक भरडधान्यात ती चारेक ग्रॅमच असते. राळ्याशेजारी ठेवली की करडईही तेलबीच. कॅल्शियमच्या बाबतीत तर दोन्ही सारख्याच गरीब: 78 मिलिग्रॅमच्या आसपास, आणि फॉस्फरस त्याच्या आठपट. अ जीवनसत्त्व जवळपास नाहीच.

मग करडईवर पक्षी सुटत नाही असं का दिसतं? कारण तो ती कमी खातो. करडई चवीला कडवट, टरफल टणक, त्यात बी लहान, म्हणजे एका बीमागे गरही कमी. सूर्यफूल मात्र वाटीतून वेचून वेचून संपवतो आणि राळा खाली उडवतो. करडईची चटक लागलेला पक्षी तिच्यावरही सुटतोच. निम्मं सूर्यफूल, निम्मी करडई असं मिक्स करून विकतात, त्याला काही अर्थ नाही.

साधारण 90 ग्रॅमच्या कॉकटेलला दोन्ही मिळून दिवसाला पाच-सहा बिया पुरे, त्याही हातातून, शिकवताना बक्षीस म्हणून. बजरीगरला (दुकानदार सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात तो) यातलं काहीच लागत नाही. रोजचा आधार पेलेटचा, म्हणजे पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या दाणेदार खाद्याचा. सोबत थोडा राळा, किसलेलं गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला आणि कॅल्शियमसाठी पिंजऱ्याला अडकवलेलं समुद्रफेन (कटलफिशचं हाड). अंड्यावर आलेल्या मादीला कॅल्शियम कमी पडलं तर अंडं अडकतं, आणि ते जिवावर बेततं.

वाटी भरलेली दिसते म्हणून फसू नका. पक्षी बी फोडून टरफल तिथेच टाकतो. रोज सकाळी वाटीवर फुंकर मारा. बऱ्याचदा वरचा सगळा थर उडून जातो आणि तळाशी चार दाणे उरलेले असतात.

करडई घ्यायची तर किराणा किंवा पक्ष्यांच्या दुकानातून. कृषी सेवा केंद्रातलं पेरणीचं बियाणं बुरशीनाशक चोळलेलं, बहुधा रंगीत असतं, ते विषच. खारवलेलं, भाजलेलं सूर्यफूलही नको. तेलबिया लवकर खवट होतात, त्यामुळे महिनाभर पुरेल एवढ्याच आणा.

सूर्यफुलावरच वाढलेल्या पक्ष्याचं सूर्यफूल एकदम बंद करू नका. नवं अन्न न ओळखता तो उपाशी राहतो. तीन-चार आठवड्यांत हळूहळू कमी करा आणि रोज सकाळी, खाणं देण्याआधी, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन घ्या. 90 चे 81 झाले तर बदल थांबवून जुनं खाणं पुन्हा सुरू करा आणि पक्षी डॉक्टरांना दाखवा.