देवभेट (ख्रिस्ती श्रद्धेतील)

देवभेट : घराण्याकडून मिळालेला धर्म स्वतःचा व्हावा, ज्या देवाविषयी लहानपणापासून ऐकले त्याच्याशी स्वतः बोलावे, ही ख्रिस्ती माणसाची ओढ आणि ती पुरी होण्याचा अनुभव. मराठी ख्रिस्ती लोक यालाच ‘ख्रिस्ताची भेट’ किंवा ‘नवा जन्म’ म्हणतात. ‘साक्षात्कार’ हा शब्द मराठी वाचकाच्या तोंडात बसलेला असला तरी येथे तो जपूनच वापरावा लागतो. या भेटीत जीव देवात विरून जात नाही. दोघे समोरासमोर राहतात आणि नाते बाप-लेकराचे किंवा मित्रामित्रांचे असते. ख्रिस्ती मंडळींत अधिक चालणारा शब्द आहे ‘साक्ष’. तो त्याच मुळातला आहे. जे भेटले ते चारचौघांत सांगणे आणि वागणुकीतून दाखवणे, असा त्याचा अर्थ.

पहिले पाऊल देव टाकतो, ही या कल्पनेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बायबलमधल्या कथा पाहा. जक्कय जकातदार येशूला पाहायला उंबराच्या झाडावर चढला खरा, पण नाव घेऊन हाक मारली ती येशूने, आणि ‘आज तुझ्या घरी उतरणार’ हेही त्यानेच ठरवले. शोमरोनी बाई विहिरीवर आली होती ती पाणी भरायला. दिमिष्काच्या (दमास्कस) वाटेवरचा शौल, म्हणजे पुढचा संत पौल, तर येशूच्या अनुयायांचा विरोधक म्हणूनच निघाला होता. एलीया संदेष्ट्याच्या कथेत वारा, भूकंप आणि अग्नी येऊन जातात. देव त्यांपैकी कशातच नसतो, तो त्यानंतरच्या मंद वाणीत असतो. पुढच्या काळातही अशा भेटींच्या तारखा लोकांनी जपल्या. फ्रेंच गणिती पास्कालने २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्रीचा अनुभव कागदावर लिहिला आणि तो कागद कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. तो सापडला त्याच्या मृत्यूनंतर.

गोव्यात या विषयाला एक दुखरी बाजू आहे, ती टाळून पुढे जाता येत नाही. येथे बाप्तिस्मा अनेकदा पोर्तुगीज राजसत्तेच्या धाकाने किंवा सवलतींच्या आशेने आला. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मापासून ढळलेल्यांना शोधून शिक्षा करणारे चर्चचे न्यायालय, सुरू झाले आणि मधला थोडा खंड सोडल्यास १८१२ पर्यंत चालले. तुळस, पोशाख, लग्नातले विधी अशा बाहेरच्या खुणांवर त्याची नजर असे. बाप्तिस्म्याची नोंद सत्ता करून घेऊ शकते. भेट घडवणे तिच्या हाती नसते. म्हणून ज्या पिढ्यांवर धर्म लादला गेला, त्यांच्याच नातवंडा-पतवंडांतून खोल प्रार्थनेची माणसे निघाली हे आश्चर्य वाटण्याजोगे आहे. त्याचे श्रेय इन्क्विझिशनला देणे मात्र अन्यायाचे होईल.

ज्याला गोवेकर ‘गोंयचो सायब’ म्हणतात तो जेझुइट धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. हातात घंटा घेऊन रस्त्यातून मुलांना गोळा करणारा झेवियर सर्वांना ठाऊक असतो. त्यामागचा झेवियर कमी ठाऊक असतो. पॅरिसमध्ये १५३४ साली त्याने जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची ‘आध्यात्मिक साधना’ तीस दिवस मौनात केली होती. तिचे चार ‘आठवडे’ असतात : आपले पाप आणि देवाची दया, येशूचे जीवन, त्याचे दुःखसहन, त्याचे पुनरुत्थान. साधकाने शुभवर्तमानातला (बायबलमधल्या येशूचरित्रातला) प्रसंग डोळ्यांपुढे उभा करायचा, त्यात स्वतः शिरायचे आणि शेवटी मित्र मित्राशी बोलतो तसे ख्रिस्ताशी बोलायचे. मार्गदर्शकाला दिलेली सूचना तर मुळातून ध्यानात घ्यावी अशी आहे. त्याने साधकाला कोणत्याही बाजूला ढकलू नये. निर्मात्याला आणि त्याच्या निर्मितीला परस्परांशी थेट वागू द्यावे. ही पद्धत १५४८ मध्ये पोपने मान्य केली. आजही गोव्यातल्या बागा येथील जेझुइटांच्या साधनागृहात आणि इतरत्र लोक काही दिवस मौन धरून बसतात. त्याला सर्रास ‘रिट्रीट’ म्हणतात.

देवाशी बोलायचे तर भाषा लागते, आणि ती आपली लागते. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स सासष्टीत राहिला, येथली भाषा शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ त्याने रचले. ते १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिल्याच ओवीत देवाला ‘देवा बापा’ अशी हाक आहे. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. नव्या ख्रिस्ती लोकांना जुनी पुराणे वाचायला बंदी होती, तेव्हा त्यांच्या रिकाम्या हातात त्याने ओवीच ठेवली. १६६० मध्ये जुवांव दे पेद्रोझाने स्पॅनिश भक्तिग्रंथ कोकणीत आणला. त्याचे नाव होते ‘देवाचीं येकांग्र बोलणीं’, म्हणजे देवाशी एकांतात केलेले बोलणे. या नोंदीच्या विषयाला याहून चपखल नाव मिळणे कठीण. पण १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असे ठरवले गेले. भाषा मेली नाही, छापील परंपरा मात्र खुंटली. ‘क्रिस्तपुराणा’च्या सतराव्या शतकातील छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मीस (मिस्सा) कोकणीत होऊ लागला तो थेट कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५).

गोव्याच्या मातीतला या ओढीचा ठळक माणूस म्हणजे पाद्री जोझे वाझ (१६५१–१७११), जन्म बाणावलीचा. ५ ऑगस्ट १६७७ रोजी त्याने सांकवाळ येथे एक दास्यपत्र लिहिले आणि स्वतःला मरियेचा (येशूच्या आईचा) कायमचा दास म्हणून बांधून घेतले. व्यवहारातल्या कराराची भाषा प्रार्थनेत आणण्याचा हा प्रकार विलक्षण आहे. सांकवाळच्या जुन्या चर्चची आता केवळ दर्शनी भिंत उभी आहे. १६८७ मध्ये तो मजुराच्या वेशात डचांच्या धाकाखालच्या श्रीलंकेत शिरला आणि तेथील लपूनछपून जगणाऱ्या ख्रिस्ती लोकांत अखेरपर्यंत राबला. २०१५ मध्ये कोलंबोत त्याला संतपद देण्यात आले. त्यानंतरचा आग्नेल डिसोझा (१८६९–१९२७) हणजूणचा, पिळारच्या संस्थेतला. राशोलच्या सेमिनरीत भावी पाद्रींचा आध्यात्मिक मार्गदर्शक.

सामान्य गोवेकर ख्रिस्ती घरात मात्र भेटीची जागा रोजची आणि साधी असते. संध्याकाळी आमोरीची (सांजप्रार्थनेची) घंटा झाली की हातातले काम थांबते. मग घरच्या ओट्यावर किंवा आल्तारापुढे (घरातल्या वेदीपुढे) तेर्स म्हणजे जपमाळ होते. वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) लदीन, म्हणजे सामूहिक प्रार्थनागीत, गायले जाते आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. सायबिणीची, म्हणजे मरियेची, मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरात पाहुणी जाते. शेजारचे हिंदूही पाया पडायला येतात. हे सारे सवयीने होऊ शकते, तसे होतेही. तरी सवय म्हणून त्याला कमी लेखणे चूक आहे. आईच्या आवाजात हजारदा ऐकलेली ‘नमान मारिये’ एखाद्या आजारपणात किंवा कुमसाराच्या (पाद्रीपुढे पापांची कबुली देण्याच्या) वेळी अचानक स्वतःची होते. असे सांगणारी माणसे गावोगाव भेटतात.

१९६७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे सुरू झालेल्या कॅथलिक करिझ्मॅटिक चळवळीने मोठ्याने स्तुती, अन्य भाषांत (न शिकलेल्या, आपोआप ओठांवर येणाऱ्या शब्दांत) प्रार्थना आणि जाहीर साक्ष हे मार्ग गोव्यातही आणले. काही जण पुढे कॅथलिक चर्चबाहेरच्या पेंटेकोस्टल मंडळ्यांत गेले. त्यांना येथे ‘बिलिव्हर’ म्हणतात. यावरून घरांत भांडणेही झाली. ‘तुम्हाला देव भेटला आणि आम्हाला नाही काय?’ हा आईबापांचा प्रश्न रागाचा असला तरी खरा आहे. रडू येणे, अंग थरथरणे, शांत वाटणे यांवरून ख्रिस्ती परंपरा भेटीची खात्री करत नाही. ती फळ पाहते : तो माणूस क्षमा करू लागला का, वैर असलेल्या भावाच्या दारी गेला का, घेतलेले परत केले का. जक्कयाने लुबाडलेल्यांना चौपट परत देण्याचे कबूल केले होते.

आणि कधी कधी काहीच जाणवत नाही. मदर तेरेसांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रांतून त्यांनी जवळजवळ पन्नास वर्षे असा अंधार सोसल्याचे कळले. तरी त्यांनी सेवा सोडली नाही. हा कोरडेपणा भेट नाकारल्याची खूण समजू नये, असे लोयोलाचे सांगणे आहे. त्या काळात आधी घेतलेला निर्णय बदलू नये, आणि प्रार्थनेसाठी एक तास ठरला असेल तर तासाहून थोडे अधिकच बसावे.