लवणीतला फुटबॉल

"पाणी काढू नोका गुरुजी, एक डाव सुई टोचली का सवय लागते." गुडघ्यामागची गाठ दाखवायला तालुक्याला निघालो, तेव्हा एसटीच्या थांब्यावरच्या तिघांनी हा सल्ला दिला. मी ऐकला नाही. पाणी काढलं, पाय हलका झाला, आणि कापूस वेचणी संपायच्या आत गाठ पुन्हा लिंबाएवढी. आता अख्खं गाव म्हणतं, बघा, लागली ना सवय!

आमच्याकडे विहीर उपसली म्हणून तिला झरा फुटला, असं कोणी म्हणत नाही. झरा आधीचाच असतो. गुडघ्याचंही तेच आहे. सुईला दोष देण्याआधी झरा कुठे आहे आणि पाणी मागे का साचतं, ते पाहू.

निरोगी गुडघ्यात वंगण असतं जेमतेम 3-4 मिलिलिटर, चहाच्या चमच्यापेक्षाही कमी. सांध्याचं आतलं अस्तर ते रक्तातून गाळून घेतं आणि त्यात हायल्युरोनिक आम्ल सोडतं, म्हणून ते अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं तार धरतं. कूर्चा झिजली, हाडांमधली गादीसारखी चकती फाटली किंवा आमवातात अस्तरच सुजलं, की हे अस्तर भरमसाट पाणी सोडू लागतं. हा झाला झरा.

आता मागची गंमत. गुडघ्याच्या लवणीत आतल्या बाजूला दोन स्नायू शेजारी-शेजारी असतात, एक पोटरीचा आणि एक मांडीमागून आलेला. त्यांची घासाघीस होऊ नये म्हणून मध्ये एक चपटी पिशवी असते. बऱ्याच प्रौढ माणसांत ही पिशवी एका बारीक फटीने थेट सांध्याला जोडलेली असते. लंडनचे सर्जन विल्यम मॉरंट बेकर यांनी 1877 मध्ये सांध्याच्या दुखण्याचा आणि या गाठीचा संबंध नीट मांडला, म्हणून हिला बेकर सिस्ट म्हणतात. डब्लिनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी ती 1840 मध्येच पाहिली होती, पण नाव लागलं बेकरचं.

ती फट साधं भोक नाही. ज्यांच्या विहिरीवर जुना पंप आहे त्यांना समजावण्याची गरज नाही. सक्शन पाइपाच्या बुडाशी फुटव्हॉल्व्ह असतो, ज्याला आपण सगळे फुटबॉल म्हणतो. पाणी वर येऊ देतो, परत विहिरीत जाऊ देत नाही. लवणीतली फट तशीच वागते. गुडघा पुरता वाकवला की सांध्यातला दाब वाढतो, फट मोकळी होते आणि पाणी मागे ढकललं जातं. पाय सरळ केला की ते दोन स्नायू ताणले जातात आणि फट चिमटीत धरल्यासारखी बंद होते. गेलेलं पाणी तिकडेच अडकतं. आता निंदणाला बसलेली बाई डोळ्यांसमोर आणा. उकिडवी बसली, पुढे सरकली, उठली, पुन्हा बसली. गुडघ्यात आधीच पाणी असेल तर हा पंपाचा दांडा सकाळपासून दिवस मावळेपर्यंत चालू!

ब्रिटनमधल्या जेसन आणि डिक्सन या डॉक्टरांनी 1970 मध्ये ही एकेरी वाट अभ्यासली. त्यांच्या मते सुजलेल्या सांध्यातले फायब्रिनचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे, गोळेही फटीत बुचासारखे बसतात. त्यात आणखी एक भर पडते. अडकलेल्या द्रवातलं पाणी आणि बारीक रेणू पिशवीच्या भिंतीतून हळूहळू झिरपून जातात. हायल्युरोनिक आम्लाची साखळी मात्र लांबलचक, रेणुभार काही दशलक्षांच्या घरातला, ती सहजी बाहेर पडत नाही. उरलेला द्रव दाटत जातो, आणि दाट द्रव बारीक फटीतून मागे ढकलायला दाब फार लागतो. म्हणूनच जुन्या गाठीतून कधी-कधी सुईत काकवीसारखा चिकट रस येतो.

फुटबॉल असल्याची खूण घरीच तपासता येते. उभं राहून पाय ताठ करा, गाठ टणक लागते. मग आडवं पडून गुडघा अर्धा वाकवा, ती मऊ पडते किंवा हाताला लागतच नाही. फ्रान्सच्या फूशे यांनी 1856 मध्ये सांगितलेली ही खूण. दोन्ही वेळा टणकच राहणारी किंवा ठोके देणारी गाठ असेल तर वेळ न घालवता सोनोग्राफी करावी. अचानक पोटरी सुजून लाल झाली, दुखायला लागली, तरीही तेच. पिशवी फुटून रस पोटरीत उतरला तर असं होतं, पण पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी हुबेहूब असंच दिसतं. हा फरक डोळ्यांनी ठरवू नये, माझ्यासारख्या निवृत्त मास्तराने तर नाहीच.

बिब्ब्याबद्दल बोललंच पाहिजे. गाठीवर बिब्बा लावून फोड आणणारे अजून आहेत. त्याच्या तेलाने कातडी भाजते, आतल्या फटीला त्याचा पत्ताही नसतो. बाजारात कागदाच्या पुडीत मिळणारी 'वाताची पावडर' दोन दिवसांत आराम देते, तेव्हा तर जास्तच सावध राहावं. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. डॉक्टर मोजून, एकदा सांध्यात टोचतो ते वेगळं, आणि सहा महिने न मोजता गिळलेलं वेगळं.

नुसती पिशवी कापून काढली तरी ती पुन्हा भरते, कारण झरा तसाच असतो. म्हणून आता दुर्बिणीतून फाटलेली चकती नीट करतात, आणि गरज पडली तर ती फट मुद्दाम रुंद करतात. पाणी दोन्हीकडे फिरू लागलं की फुटबॉल निकामी. आमवात असेल तर त्याची औषधं नियमाने घेणं हाच झऱ्यावरचा उपाय. वजन 1 किलो उतरलं तर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी हलका होतो.

उशीचा मोह मला अजून सुटलेला नाही. गुडघा जरासा, 30 अंशांच्या आसपास वाकलेला असताना आतला दाब सगळ्यांत कमी असतो, म्हणून खाली उशी घेतली की बरं वाटतं. पण रात्रभर तसंच झोपलं तर गुडघा त्याच कोनात आखडतो. सध्या अर्धा तास घेतो आणि काढून टाकतो.

परवा निंदणाहून परतलेल्या शेजारच्या काकूंना ती खूण करून दाखवली. पाय ताठ, गाठ टणक. पाय वाकवला, गाठ मऊ. त्या हसल्या, "थो फुटबॉल हाय मंग. आमच्या बुढ्याले विचारते, मोटरीचा त त्यानंच बदलला होता." मी सोनोग्राफीचा कागद लिहून दिला आहे. सोमवारी त्या जाणार आहेत, निंदणाचा खाडा करून.