लकव्यानंतर ठसका लागत नसेल तर

मिरचीच्या हंगामात नागपूरच्या कळमना बाजारात शिरलं, की पहिल्या ढिगाजवळच खोकला सुरू होतो. मिरची जिभेला लागलेलीही नसते. हवेतली बारीक पूड श्वासनलिकेत उतरते आणि तिच्यातलं कॅप्सेसिन तिथल्या चेतातंतूंच्या टोकांना चिकटतं. हे तंतू मेंदूला खबर देतात ती चटका बसल्याची, कारण तिखट आणि उष्णता ओळखणारं प्रथिन तिथे एकच आहे: टीआरपीव्ही-१. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने ते १९९७ मध्ये शोधलं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्या कामाला मिळालं, त्यात हा शोध होता.

ही खबर व्हेगस नर्व्हमधून, म्हणजे घसा-फुप्फुसांना मेंदूशी जोडणाऱ्या नसेतून, मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत पोचते आणि तिथूनच हुकूम सुटतो. खोल श्वास, मग स्वरतंतू घट्ट बंद, पोटाच्या स्नायूंचा जोर, आणि छातीत दाब साचला की स्वरतंतू एकदम उघडतात. ते बंद राहतात जेमतेम सेकंदाच्या पाचव्या भागाइतके. याच व्हेगसची एक फांदी कानाच्या नळीत जाते, म्हणून काहींना कान कोरतानाही खोकला येतो.

गिळणं याहून अवघड. नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगवर दोन दिशांचे रूळ एकमेकांना छेदतात, तसे घशात हवेचा आणि अन्नाचा रस्ता छेदतात. श्वासाचा ताल लंबमज्जेतल्याच काही हजार पेशी धरतात. प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स नावाचा हा पुंजका १९९१ मध्ये सापडला. मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास त्याच्या तालावर चालतात. घास घशात आला की शेजारचं गिळण्याचं केंद्र हा ताल थांबवतं. स्वरयंत्र वर उचललं जातं, श्वासाच्या वाटेवरची झाकणी मिटते, अन्ननलिकेचं तोंड उघडतं. सगळं साधारण एका सेकंदात. मला सगळ्यात विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट: श्वास पुन्हा सुरू होतो तो बहुतेक वेळा उच्छ्वासाने. स्वरयंत्राशी एखादा कण रेंगाळलाच, तर तो आत ओढला न जाता बाहेर फेकला जातो. जेवताना खळखळून हसलं की नेमका हा क्रम मोडतो आणि ठसका लागतो.

लकवा मारल्यावर पहिल्या काही दिवसांत जवळपास निम्म्या रुग्णांना गिळण्याचा त्रास होतो. त्यातल्या काहींच्या घशाची संवेदनाच मंदावलेली असते. पाणी स्वरतंतूंच्या खाली उतरतं आणि ठसका लागतच नाही. घरच्यांना वाटतं, आजोबा शांतपणे जेवताहेत. याची मला फार काळजी वाटते, कारण ते अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो आणि ताप कुठून आला हे कुणाच्या लक्षात येत नाही. घोट घेतल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणं, घास गालात साठून राहणं, जेवण खूप लांबणं, पुन्हा पुन्हा ताप येणं ही लक्षणं दिसली तर डॉक्टरांना लगेच सांगा. गिळण्याची तपासणी आणि व्यायाम स्पीच थेरपिस्ट करून घेतात, हे आपल्याकडे अजून पुष्कळांना माहीत नसतं. घास नेमका कुठे जातो हे गिळतानाच्या एक्स-रे चित्रणात दिसतं.

आपल्याला सर्वांत हलकं वाटतं ते पाणी, पण अशा घशाला तेच जड जातं. ते वेगाने वाहतं, आणि झाकणी मिटायला उशीर झाला की आधीच आत गेलेलं असतं. म्हणून काही रुग्णांना पातळ पदार्थ दाट करून द्यायला सांगतात. घट्ट आणि पातळ एकत्र असलेला घास त्याहून कठीण. तर्री पोहे असेच: पोहे चावेपर्यंत तर्री घशाकडे निघालेली असते. संत्र्याची फोडही तशीच, दाताखाली रस सुटतो आणि साल तोंडात राहते. प्रेमाने आणलेलं संत्रं आजाऱ्याला भरवण्याआधी विचारून घ्यावं. आडवं झोपलेल्या किंवा गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी तर कधीच घालू नये.

गिळण्याचं नियंत्रण मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांत वाटलेलं असतं. एका बाजूला इजा झाली तरी दुसरी बाजू हळूहळू काम उचलते, म्हणून बऱ्याच रुग्णांचं गिळणं काही आठवड्यांत सुधारतं. पातळ पदार्थ पुन्हा कधी सुरू करायचे, ते फेरतपासणीनंतर ठरतं.