सतत फिरणारा माउंट आणि थांबत फिरणारा माउंट, फरक नक्की कुठे पडतो

साधा टाइमलॅप्स, म्हणजे ठराविक वेळाने काढलेले फोटो जोडून केलेला व्हिडिओ, तुम्हाला येतोच, इंटर्व्हल (दोन फोटोंमधला वेळ) लावायचा, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस सगळं मॅन्युअलवर, त्यामुळे ते सोडून देऊ. कॅमेरा फिरवायचा माउंट घ्यायची वेळ आली की मात्र प्रत्येक वेळी तोच सल्ला मिळतो, "दोन्ही फिरतातच ना, स्वस्तातला घे." अहो फिरतात दोन्ही, पण शटर उघडं असताना काय करतात ते बघा ना!

किचन टायमरसारखा चावीचा माउंट ६० मिनिटांत एक फेरी मारतो, म्हणजे सेकंदाला ०.१ अंश, आणि फोटो निघत असतानाही तो फिरतच असतो. भर उन्हात १/५० ला काढलात तर तेवढ्यात तो ०.००२ अंश सरकतो, कुणाला कळणारही नाही. ५ सेकंदांचा इंटर्व्हल, सेकंदाला २५ फ्रेम्स (२५ एफपीएस), १० सेकंदांच्या व्हिडिओला २५० फ्रेम्स, साधारण २१ मिनिटांत १२५ अंशांचा पॅन (कॅमेरा आडवा फिरणं), ढगांसाठी मी डोळे झाकून हाच लावतो. पण अंधार पडला आणि शटर २ सेकंदांवर गेलं की तोच माउंट ०.२ अंश सरकतो, फुल फ्रेम, २४ एमएम लेन्स आणि ६००० पिक्सेल रुंद फोटो धरला तर मध्यभागी जवळजवळ १४ पिक्सेल. १००% झूम करून बघा, लांबचा दिवा ठिपका राहिलेला नसतो, छोटी आडवी रेघ झालेली असते. १५ सेकंदांना तर १०० पिक्सेलच्या वर जातं. आणि लोक काय करतात, लेन्सचा दोष समजून लेन्स बदलतात!

थांबत फिरणारा आधी फोटो काढू देतो, मग वळतो, हलायचा थांबतो, मग पुढचा फोटो. रात्रीसाठी हाच. फक्त इंटर्व्हलमध्ये हे सगळं बसलं पाहिजे, १५ सेकंदांच्या एक्स्पोजरला निदान १८-२० सेकंद द्या. आणि कॅमेऱ्याचा टायमर वेगळा, मोटर वेगळी असं चालवू नका, हळूहळू दोघांचा मेळ सुटतो आणि मधूनच काही फ्रेम्स हललेल्या निघतात. शटर केबलने मोटर आणि कॅमेरा जोडा, म्हणजे मोटरच फोटो काढायला लावते.

नोडल पॉइंटची, म्हणजे लेन्समधल्या ज्या बिंदूभोवती कॅमेरा फिरवला की जवळच्या-लांबच्या वस्तू एकमेकींपासून सरकत नाहीत त्याची, काळजी फोटो शेजारी-शेजारी जोडून पॅनोरमा करायचा असेल तरच करा.

लेव्हल मात्र दोन्हीला लागते, आणि ती माउंटच्या खाली, ट्रायपॉडलाच. वर बॉलहेडवर (कॅमेरा हवा तसा वळवायच्या गोल सांध्यावर) कॅमेरा सरळ करून काही होत नाही, खालचा अक्ष तिरका असेल तर क्षितिज पॅनभर कलत जातं. आधी ट्रायपॉडचे पाय कमीजास्त करून त्याच्या लेव्हलमधला बुडबुडा (बबल) मधोमध आणा, मग माउंट चढवा.