केबिन जुनी, तोंड नवं

अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत फोर्डची एक एफ-२५० पिकअप हमखास भेटते. समोरून पाहिली तर २००५ ची वाटते. काचेतून डॅशबोर्डच्या कोपऱ्यातली पट्टी वाचली, तर १७ अक्षरांच्या क्रमांकात दहाव्या जागी ‘एक्स’ असतो, म्हणजे मॉडेल १९९९ चं. यात फसवाफसवी असतेच असं नाही. बहुतेक विक्रेते ‘०५ चा फ्रंट बसवलाय’ हे जाहिरातीतच अभिमानाने लिहितात. जुन्या पिकअपला नव्या मॉडेलचं तोंड बसवण्याची ही प्रथा तिथे जुनी आहे. हौशी लोकांनी ती वाढवली हे खरं, पण तिला जागा करून दिली ती खुद्द कंपन्यांच्या काटकसरीने.

पिकअपची बांधणी पाहिली की हे कळतं. खाली चॅसी, तिच्यावर केबिन, मागे स्वतंत्र हौदा. केबिन वेल्डिंगने जोडलेली. केबिनच्या पुढे मात्र बॉनेट, दोन्ही मडगार्ड, जाळी, हेडलाइट, बंपर हा सगळा पसारा मुख्यतः नटबोल्टवर. नवी केबिन काढायची म्हणजे छत, दरवाजे, काचांच्या चौकटी यांचे प्रेसचे साचे नव्याने बनवायचे, चाचण्या पुन्हा करायच्या. खर्च अफाट. त्यापेक्षा तीच केबिन दहा-पंधरा वर्षं चालवायची आणि मधूनमधून फक्त पुढचा भाग बदलून ‘नवं मॉडेल’ म्हणायचं, हा हिशेब डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांनी फार पूर्वीच पक्का केला होता. जनरल मोटर्सची १९७३ ची केबिन १९८७ पर्यंत टिकली, मध्ये १९८१ ला तोंड बदललं. फोर्डने १९८० ची केबिन १९९७ पर्यंत ओढली आणि तिला १९८७ व १९९२ असे दोन नवे चेहरे दिले. चाहत्यांनी १९८० च्या मूळ चेहऱ्याचं नाव ‘बुलनोज’ ठेवलं, १९८७ च्याचं ‘ब्रिकनोज’. कंपनीनेच एका केबिनला तीन तोंडं लावून दाखवल्यावर गॅरेजवाल्याला वेगळं काय शिकवायचं? जुनी गाडी समोरून ठोकली गेली आणि भंगारच्या यार्डात नंतरच्या वर्षाचा अख्खा पुढचा भाग मिळाला, तर तोच चढवायचा.

फोर्डच्या ‘सुपर ड्यूटी’ने या प्रकाराला खरा बहर आणला. १९९७ पर्यंत एफ-२५० आणि एफ-३५० ही एफ-१५० चीच थोरली भावंडं होती. १९९८ च्या सुरुवातीला, १९९९ चं मॉडेल म्हणून, त्यांना स्वतःची वेगळी केबिन मिळाली. लुईव्हिलच्या केंटकी ट्रक प्लांटमधून या गाड्या निघू लागल्या. ही केबिन मूळ रूपात थेट २०१६ पर्यंत चालली. २०१७ ला ॲल्युमिनियमची आली तेव्हा कुठे ती निवृत्त झाली. १९९९ ची आणि २०१६ ची गाडी शेजारी उभी करून पुढचा दरवाजा पाहा. आरशाजवळ खिडकीची खालची कड एकदम उतरते, ती दोन्हींत सारखीच. तोंडं मात्र २००५, २००८ आणि २०११ ला बदलली. २००८ चा तो अवाढव्य जाळीचा चेहरा २००२ च्या डेट्रॉइट प्रदर्शनातल्या ‘माइटी एफ-३५० टोंका’ या नमुन्यावरून आलेला. टोंका म्हणजे तिथला खेळण्यातल्या ट्रकचा प्रसिद्ध ब्रँड. खऱ्या ट्रकने खेळण्याकडून तोंड उसनं घेतलं, आता बोला!

पण मग नवी गाडीच का घेतली नाही? पैसा हे एक कारण. दुसरं त्याहून महत्त्वाचं, ते बॉनेटखाली आहे. नॅव्हिस्टार या ट्रक आणि इंजिनं बनवणाऱ्या कंपनीने फोर्डसाठी बनवलेलं ७.३ लिटरचं ‘पॉवर स्ट्रोक’ डिझेल इंजिन १९९४ ला आलं आणि उत्सर्जनाचे नियम कडक झाल्यावर २००३ मध्ये थांबलं. लाखो मैल निमूट चालणारं म्हणून त्याची ख्याती. त्याच्या जागी आलेल्या ६.० लिटरच्या इंजिनाने हेड गॅस्केट आणि ईजीआर कूलर (धुराचा काही भाग थंड करून इंजिनात परत सोडणारा भाग) यांच्या तक्रारींनी मालकांना आणि फोर्डलाही घाम फोडला. वॉरंटीच्या खर्चावरून २००७ मध्ये फोर्ड आणि नॅव्हिस्टार कोर्टात गेले, २००९ मध्ये तडजोड झाली आणि २०११ च्या मॉडेलपासून फोर्डने आपलं स्वतःचं ६.७ लिटरचं डिझेल आणलं. मधल्या काळात ज्याच्याकडे ७.३ होतं त्याने ते जिवापाड जपलं. इंजिन जुनंच हवं आणि रूप नवं, यावर उपाय एकच होता.

यात २००५ चं तोंड त्यातल्या त्यात सोपं. तो बदल मुख्यतः जाळी, हेडलाइट आणि बंपर यांचाच होता. अडतं ते वायरिंगमध्ये. २००४ पर्यंतच्या हेडलाइटला ९००७ नंबरचा बल्ब, २००५ पासून एच-१३. दोन्ही एकाच बल्बमध्ये अप्पर-डिपर देणारे, पण पिना वेगळ्या. त्यासाठी तयार ॲडॅप्टर मिळतात. घाईघाईत तारा उलटसुलट जोडल्या की डिपर मारल्यावर अप्पर पेटतो. २००८ चं तोंड चढवायचं तर मात्र बॉनेट, मडगार्डपासून रेडिएटरच्या चौकटीपर्यंत सगळंच बदलावं लागतं आणि वर रंगकाम. हे काम रविवारच्या दुपारी उरकणारं नाही. जनरल मोटर्सच्या गाडीवाल्यांचा उत्साह वेगळ्या दिशेने वाहिला. १९९९ च्या सिल्व्हराडोला २००३ चा चेहरा तर लागलाच, पण त्याच सांगाड्यावरच्या कॅडिलॅक एस्कलेडचं चकचकीत तोंडही २००० च्या दशकात अनेकांनी बसवलं. माझ्या मते तो शुद्ध थाट.

एवढे सुटे भाग येतात कुठून? काही यार्डातून, बाकी तैवानसारख्या ठिकाणी बनलेल्या पर्यायी मालातून. या मालावर अमेरिकेत मोठं रण माजलं. विमा कंपनी स्टेट फार्म दुरुस्तीत पर्यायी भाग वापरते म्हणून इलिनॉयमध्ये दावा झाला आणि १९९९ मध्ये तिच्यावर एक अब्ज डॉलरहून जास्त रकमेचा निकाल लागला. २००५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला. त्याच वर्षी फोर्डने दुसरी आघाडी उघडली. २००४ च्या एफ-१५० च्या पुढच्या भागांवर आपले डिझाइन पेटंट (म्हणजे वस्तूच्या उपयोगावर नव्हे, रूपावर मिळणारा हक्क) आहेत, तेव्हा नकला आयात होऊ नयेत, अशी तक्रार तिने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे केली. २००७ चा निर्णय फोर्डच्या बाजूने गेला. पुढे पर्यायी भागवाल्यांची संघटना पुन्हा कोर्टात गेली. तिचं म्हणणं असं की लोक बॉनेट रूपासाठी घेत नाहीत, गाडी पूर्वीसारखी दिसावी म्हणून घेतात. तेव्हा मूळ भागाशी जुळणं ही गरज झाली, शोभा नव्हे. २०१९ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने बॉनेट आणि हेडलाइटच्या पेटंटबाबत हा युक्तिवाद फेटाळला. चेहरा बदलणाऱ्यांकडे कोर्टात कुणी बोट दाखवलं नसेल, पण निव्वळ रूपासाठी बॉनेट विकत घेणारा माणूस असतो याचा जिवंत पुरावा तेच होते.

आपल्याकडे हा उद्योग का रुजला नाही असं कुणी विचारेल. बोलेरो पिकअपला नवी जाळी, नवे दिवे इथेही लागतात. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात फेरफार करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच रेघ ठळक केली. रंग किंवा किरकोळ फिटिंग चालतं. त्यापुढे गेलात की पासिंगच्या वेळी आरटीओच्या दारात उत्तरं द्यावी लागतात.

जाणकार मात्र बदललेलं तोंड ओळखतातच. फोर व्हील ड्राइव्हची सुपर ड्यूटी असेल तर ते बंपरखाली वाकून पाहतात. २००५ पासून कंपनीने पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग दिली. तोंड २००५ चं आणि खाली कमानपाटे दिसले, की गाडी त्याआधीची. अलीकडे तर वारं उलटंही वाहू लागलंय. नव्या सुपर ड्यूटीची चॅसी आणि इंजिन घेऊन त्यावर १९९२ ते १९९७ मधली जुनी केबिन तिच्या जुन्याच चेहऱ्यासकट बसवून देणारी वर्कशॉप तिथे निघाली आहेत आणि त्या गाड्यांची किंमत नव्या कोऱ्या ट्रकपेक्षाही चढी असते.