पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर व मध्य भागास वीज आणि नैसर्गिक वायू पुरविणारी खाजगी कंपनी. 'पीजी अँड ई' हे तिचे रूढ नाव. कार्यक्षेत्र उत्तरेस युरेकापासून दक्षिणेस बेकर्सफील्डपर्यंत आणि पॅसिफिक किनाऱ्यापासून सिएरा नेवाडा पर्वतरांगेपर्यंत, सुमारे १,८१,००० चौ. किमी.; लोकसंख्या सुमारे १.६ कोटी. मुख्यालय दीर्घकाळ सॅन फ्रान्सिस्को येथे होते. आता ते ओकलंड येथे आहे. दर व सुरक्षितता यांवर राज्याच्या सार्वजनिक उपयोगिता आयोगाची देखरेख असते.

कंपनीचा आरंभ कोणत्या वर्षापासून धरावा याविषयी एकमत नाही. कायदेशीर स्थापना १० ऑक्टोबर १९०५ ची. जॉन मार्टिन व यूजीन दे साब्ला यांच्या कॅलिफोर्निया गॅस अँड इलेक्ट्रिक कॉर्पोरेशनने त्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनी ताब्यात घेतली व दोन्ही व्यवसाय एका छत्राखाली आणले. परंतु या दुसऱ्या कंपनीची वंशावळ पीटर डॉनह्यू व त्याच्या भावांनी १८५२ मध्ये काढलेल्या सॅन फ्रान्सिस्को गॅस कंपनीपर्यंत जाते. कोळशापासून काढलेल्या वायूचे तिचे दिवे फेब्रुवारी १८५४ मध्ये शहराच्या रस्त्यांवर लागले. त्यामुळे कंपनीचा इतिहास १८५२ पासूनच सांगण्याची प्रथा पडली.

विजेच्या बाबतीत वाद अधिक मोठा आहे. जॉर्ज रो याने १८७९ मध्ये कॅलिफोर्निया इलेक्ट्रिक लाइट कंपनी स्थापन केली आणि बहुधा त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मार्केट स्ट्रीटजवळच्या लहानशा केंद्रातून ग्राहकांना वीज विकण्यास प्रारंभ केला. यंत्रे ब्रश या संशोधकाच्या पद्धतीची होती व दिवे प्रज्योत (दोन कार्बन कांड्यांमधील विद्युत ठिणगीने उजळणारे, आर्क) दिवे होते. आकारणी वापरलेल्या विजेवर नसून दर दिव्यामागे आठवड्याला ठरावीक रक्कम अशी होती. सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंतच हे दिवे जळत. एडिसनचे न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट केंद्र सप्टेंबर १८८२ मध्ये सुरू झाले. यावरून सॅन फ्रान्सिस्कोचे केंद्र देशातील पहिले ठरते, असे कंपनीच्या बाजूने लिहिणारे मांडतात. विरुद्ध पक्षाच्या मते प्रज्योत दिव्यांचे एकसरी मंडल (सर्व दिवे एकामागोमाग एकाच तारेवर) आणि घरोघर तापदीप्त (तापलेल्या तंतूचे) दिवे पेटविणारे भूमिगत जाळे ही एका जातीची व्यवस्था नव्हे. हा भेद रास्त आहे. तथापि पैसे घेऊन मध्यवर्ती केंद्रातून वीज देणे एवढीच कसोटी लावली, तर रोचा अग्रक्रम नाकारणे कठीण जाते.

सिएरातील नद्यांच्या पाण्यावर वीज निर्माण करून ती दूरच्या शहरांत नेणे, हा या प्रदेशाचा तंत्रविद्येला निर्विवाद हातभार. फॉल्सम येथून जुलै १८९५ मध्ये त्रिकला (थ्री-फेज) वीज ११,००० व्होल्टला सुमारे ३५ किमी.वरील सॅक्रामेंटोला पोहोचली. १९०१ मध्ये कोलगेट केंद्राची वाहिनी सुमारे २२५ किमी. अंतर कापून ओकलंडला आली; वाटेत कार्कीनेझ सामुद्रधुनीवर तिच्या तारा १,३०० मी.हून अधिक लांबीच्या एकाच गाळ्यात (दोन मनोऱ्यांमधील अंतरात) ताणल्या होत्या. अशा अनेक लहानमोठ्या कंपन्या पुढे पीजी अँड ईने आत्मसात केल्या. १९३० मध्ये ग्रेट वेस्टर्न पॉवर व सॅन वॉकीन लाइट अँड पॉवर या तिच्याकडे आल्या. त्याच सुमारास केटलमन हिल्समधील नैसर्गिक वायू नळाने सॅन फ्रान्सिस्कोत आला व कृत्रिम वायूचे कारखाने मागे पडत गेले.

विलीनीकरणातून आलेल्या सामग्रीचे वय आणि तिच्या नोंदींतील उणिवा हीच या कंपनीच्या अर्वाचीन इतिहासाची गुरुकिल्ली होय. ९ सप्टेंबर २०१० रोजी सॅन ब्रूनो येथे ३० इंची वायुवाहिनी फुटून ८ जण मृत्युमुखी पडले व ३८ घरे नष्ट झाली. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत असे आढळले, की १९५६ मध्ये पुरलेल्या त्या भागात आखूड नळीचे तुकडे एकमेकांना जोडले होते आणि त्यांतील काहींची लांबीकडील सांध्याची झाळणी आतून झालेलीच नव्हती. कंपनीच्या दप्तरी मात्र तेथे सांधाविरहित नळ दाखविला होता. अशा व्यासाचा सांधाविरहित नळ त्या काळी अमेरिकेत तयारच होत नसे, ही बाब चौकशीतच पुढे आली. मिलपिटास येथील वायू-नियंत्रण स्थानकावरील विद्युत कामामुळे दाब वाढला व सांधा उकलला. झडपा हाताने बंद कराव्या लागल्याने वायू थांबण्यास ९५ मिनिटे गेली. पुढे आयोगाने १.६ अब्ज डॉलरचा दंड ठोठावला आणि २०१६ मध्ये संघीय न्यायालयात कंपनी फौजदारी गुन्ह्यांत दोषी ठरली.

विजेच्या बाजूची कहाणी याहून भीषण आहे. ८ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे कॅरिबू-पालेर्मो वीजवाहिनीच्या एका मनोऱ्यावरील, चकती-माळ (तार टांगणारी विद्युतरोधक चकत्यांची माळ) पेलणारी लोखंडी आकडी झिजून तुटली. ही वाहिनी १९२१ च्या सुमाराची, म्हणजे ग्रेट वेस्टर्न पॉवरच्या काळातली. लोंबकळलेल्या तारेतून ठिणग्या खालच्या वाळल्या गवतावर पडल्या आणि कोरड्या वाऱ्याने वणवा पॅराडाइज गावावर लोटला. ८५ माणसे गेली, १८,००० हून अधिक इमारती भस्मसात झाल्या. मनोऱ्यावर चढून आकडी जवळून पाहिली असती, तर अशी झीज नजरेतून सुटली नसती. म्हणूनच या घटनेला नैसर्गिक आपत्तीच्या सदरात टाकणे अयोग्य ठरेल. जून २०२० मध्ये कंपनीने ८४ जणांच्या मृत्यूबाबत सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. निष्काळजीपणा सिद्ध न झाला तरी सामग्रीमुळे झालेली हानी भरून द्यावी, असा कॅलिफोर्नियातील न्यायालयांचा दंडक असल्याने दाव्यांचा बोजा प्रचंड होता. कंपनीने जानेवारी २०१९ मध्ये दिवाळखोरीचे संरक्षण घेतले. जुलै २०२० मध्ये ती त्यातून बाहेर आली; वणवाग्रस्तांच्या निधीचा सुमारे अर्धा भाग तिने स्वतःच्या शेअरच्या रूपाने दिला. याआधी २००१ मध्येही, घाऊक बाजारातील वीज कमालीची महागून किरकोळ दर गोठलेले राहिल्यामुळे, तिच्यावर हीच पाळी आली होती.

ऑक्टोबर २०१९ पासून जोराच्या वाऱ्यात प्रतिबंधक म्हणून वीज बंद ठेवण्याचे प्रमाण बरेच वाढले. २०२१ मध्ये सुमारे १६,००० किमी. तारा जमिनीखाली नेण्याची घोषणा झाली. राज्यातील एकमेव चालू अणुवीज केंद्र, दियाब्लो कॅन्यन, कंपनीच्या मालकीचे आहे. ते २०२५ पर्यंत बंद करण्याचे ठरले होते, परंतु २०२२ च्या कायद्याने २०३० पर्यंत मुदतवाढीची वाट मोकळी झाली.

कार्यक्षेत्र सलग नाही. सॅक्रामेंटोने १९२३ मध्ये मतदानाने सार्वजनिक वीजमंडळ स्थापले, तरी न्यायालयीन झगड्यामुळे त्याचा पुरवठा १९४६ अखेरीस सुरू झाला. मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेल्या सॅन फ्रान्सिस्को उपसागर परिसरातही (बे एरिया) असे तुकडे दिसतात: सनीव्हेल व फ्रीमाँटमध्ये वीज व वायूचे जाळे पीजी अँड ईचे, सांता क्लॅरामध्ये वीज शहराची पण वायू पीजी अँड ईचा, तर पालो अल्टोत दोन्ही शहराचीच. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१९ मध्ये आपल्या हद्दीतील वीजजाळे २.५ अब्ज डॉलरना विकत घेण्याची तयारी दाखविली. कंपनीने नकार दिला.