काउंटरसिंकच्या कंगोऱ्यांमागचं कारण

चपट्या डोक्याचा स्क्रू धातूत समतल बसावा म्हणून भोकाच्या तोंडाशी शंकूच्या आकाराची बैठक कापतात. ते काम काउंटरसिंकचं. घरच्या वर्कशॉपमध्ये मात्र अनेकदा मशीन थरथरतं, कर्कश आवाज येतो आणि गोल बैठकीऐवजी कंगोरे उमटतात. मग ‘धार गेली’ असं निदान होतं. पण कोऱ्या काउंटरसिंकनेही हेच होतं, आणि त्यामागचं कारण मला विलक्षण सुंदर वाटतं.

धातू कापताना हत्यार किंचित लवतं आणि स्प्रिंगसारखं परत येतं. त्यामुळे कापलेल्या पृष्ठभागावर बारीक लाट उमटते. पुढची धार त्या जागी पोचते तेव्हा तिच्या वाट्याला लाटदार धातू येतो. धारेची आत्ताची लाट आधीच्या लाटेशी तंतोतंत जुळली, तर कीस एकसारख्या जाडीचा निघतो आणि जोर स्थिर राहतो. जुळली नाही, तर कीस कुठे जाड, कुठे पातळ. जोर हेलकावतो, हत्यार जास्त हलतं आणि पुढची लाट आणखी खोल पडते. शंकूची धार खाली जाईल तशी जास्त लांबीने धातूला भिडते, म्हणून थरथर बहुधा शेवटी-शेवटी उसळते.

इथे वेगाचं गणित येतं. समजा, हत्यार सेकंदाला 500 वेळा थरथरतंय. 6 मिमीचं भोक मिनिटाला 1300 फेऱ्यांवर पाडलं आणि वेग तोच ठेवला, तर 12 मिमी व्यासाच्या कडेला धार मिनिटाला सुमारे 49 मीटर धावते. एक लाट साधारण 1.6 मिमी लांब होते. 260 फेऱ्यांवर तीच लाट 0.33 मिमी उरते. तिचे चढउतार इतके उभे होतात की धारेची मागची बाजू त्यांवर घासते आणि थरथरीची ऊर्जा जिरवते. म्हणून वेग कमी हवा, पण दाब ठाम हवा. नुसतं घासत राहिलं तर धार खरोखरच जाते.

जास्त धारा म्हणजे जास्त चांगलं, हाही गैरसमज. हलक्या ड्रिल मशीनवर एकच धार असलेला, किंवा शंकूत तिरकं आरपार भोक असलेला काउंटरसिंक शांत चालतो, कारण शंकूचा उरलेला भाग बैठकीला टेकून आधार देतो. सोनेरी मुलाम्याच्या जाहिरातींना मात्र भुलू नका. त्या टायटॅनियम नायट्राइडच्या थराने झीज कमी होते, थरथर थांबत नाही.

घेताना कोन पाहा: मेट्रिक स्क्रूंना 90 अंश, अमेरिकी इंची स्क्रूंना 82. शंका असेल तर स्क्रूच्या डोक्याखालच्या उतारावर मार्कर फिरवा, स्क्रू आवळा आणि काढा. रंग फक्त वरच्या कडेला पुसला गेला असेल तर बैठकीचा कोन लहान आहे, फक्त दांड्याजवळ पुसला गेला असेल तर मोठा.